वधूला कोण देतो?

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. सांगायची वेळ आली नाही असं नाही. वेळ पुष्कळदा आली, मीच टाळली.

आमच्या घरात लग्न निघालं की पोरंबाळं माझ्याभोवती बसतात. नोकरीची पहिली नऊ वर्षं मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत काढली. तिथं मी जितक्या तऱ्हांची लग्नं पाहिली, तितकी आमच्या शिरूर तालुक्यातल्या दुसऱ्या कुणी पाहिली नसतील. ती मी रंगवून सांगतो आणि पोरं हसतात. मागच्या महिन्यात नातीचं लग्न ठरलं तेव्हाही असाच बसलो होतो. तिनं मध्येच विचारलं, "आजोबा, ख्रिश्चनांचं लग्न नाही पाहिलं तुम्ही?"

"पाहिलं की. त्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरच्या मुलीचं सांगितलं ना."

"ते नाही. आपल्यासारख्या, मराठी ख्रिश्चनांचं."

मी म्हणालो, "नाही पाहिलं."

ते खरंच होतं. का पाहिलं नाही, ते सांगायला हे लिहितो आहे.

मी दौंडला यार्डात नंबरटेकर होतो. आलेल्या मालगाडीच्या कडेनं चालत जायचं आणि एकेका डब्याचा नंबर वहीत उतरवायचा, हे माझं काम. कॉलनीत सगळ्या मुलखांची माणसं होती. घरापासून लांब आलेली, सुट्टी न मिळणारी. त्यामुळे पुष्कळांची लग्नं कॉलनीतच लागायची, आणि नातेवाईक कमी पडले की आम्ही भरून काढायचो. कुणी ठरवलेलं नव्हतं, पण तशी रीतच पडली होती.

ड्रायव्हरच्या मुलीचं लग्न लागलं तेव्हा नवरानवरी मेलनं निघाली होती. धुक्याच्या दिवसांत इशाऱ्यासाठी रुळावर बसवायचे फटाके शेडमधल्या पोरांनी गुपचूप रुळावर लावून ठेवले. इंजिन हललं आणि ठो, ठो, ठो! प्लॅटफॉर्मवरची भजीवाल्याची कढई कलंडली. त्यांच्यात रेल्वेवाल्याच्या पोरीची पाठवणी अशीच करतात म्हणे. तारघरातल्या मद्रासी बाबूच्या लग्नात नवरा रुसून काशीला निघाला. हातात छत्री, काठी आणि पोथी. ती त्यांची रीत. सासरा मागून जातो, समजूत घालतो आणि मांडवात परत आणतो. पण रुळांचे सांधे बदलणाऱ्या आमच्या सांधेवाल्याला ते ठाऊक नव्हतं. तो फाटकात आडवा झाला आणि म्हणाला, "बाबू, काशीला जायाचं तर मनमाडची गाडी धरा. हिकडं कुठं निघालाय पायी?" नवरा सोवळ्यात हसायला लागला आणि भटजी चिडले. स्टेशनवरच्या जेवणाच्या खोलीचा ठेका ज्यांच्याकडं होता, त्या पारशी गृहस्थांच्या मुलाच्या लग्नाला आम्ही पुण्याला गेलो, तर तिथंही नवरानवरीच्या मध्ये कापड धरलेलं, आपल्या अंतरपाटासारखं. कापड खाली आल्याबरोबर दोघांनी एकमेकांवर तांदूळ फेकले. जो आधी फेकेल त्याचं घरात चालणार. नवरीनं आधी फेकले.

आणि आमचा पंजाबी गार्ड. फाळणीत त्याचं बहुतेक घर तिकडंच संपलं होतं. त्यांच्यात लग्नाआधी दोन्हीकडचे पुरुष समोरासमोर येतात. बापाला बाप, मामाला मामा, हार घालून गळाभेट. ह्याच्याकडं मामा नव्हता. तेव्हा माझा दोस्त फायरमन पुढं झाला आणि म्हणाला, "मी होतो मामा." नवरीचा मामा सहा फूट उंच. त्यानं ह्याला मिठी मारून वर उचललं, दोन गिरक्या दिल्या आणि खाली ठेवलं. दोस्त बरगड्या चोळत मला म्हणाला, "इंजनात कोळसा टाकनं परवडलं." नवऱ्याकडच्या गोऱ्यापान मंडळींत हा काळाभोर मामा पाहून नवरीकडचे हसत होते, पण गार्डाचे डोळे भरून आले होते. ते मी जवळून पाहिलं होतं. म्हणजे असं उभं राहण्याची किंमत काय असते, ते मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

हा फायरमन नगरकडचा मराठी ख्रिस्ती. आम्ही एका खोलीत दोन वर्षं राहिलो, एका ताटात जेवलो.

एकदा डब्याचं दार माझ्या डाव्या हाताच्या बोटावर आलं. रेल्वेच्या दवाखान्यात गेलो, तर तिथं नवी सिस्टर. मलमपट्टी करता करता तिनं विचारलं, "गाव कुठलं?" मी सांगितलं. घोडनदीच्या काठचं आमचं लहानसं गाव, शिरूरच्या बाहेर ते कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिचे हात थांबले.

"चावडीसमोरची पायविहीर हाय का अजून?"

मी बोट विसरलो.

ती आमच्या गावची होती. मी तिसरीत होतो तेव्हा आमच्या आळीतली एक तरुण विधवा आणि तिची पाच वर्षांची मुलगी एका सकाळी दिसेनाशा झाल्या. बाई माहेरी गेली असं गावात सांगितलं गेलं. माहेरी तिचं कुणी नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. दिरांनी तिचं जगणं नकोसं केलं होतं, हेही माहीत होतं. ती मुलीला कडेवर घेऊन केडगावच्या मिशनच्या आश्रमात गेली होती. तिथं मुलगी शिकली, ख्रिस्ती झाली, नर्स झाली. आई दोन वर्षांपूर्वी वारली होती.

तिची भाषा शिकलेल्या बाईची, स्वच्छ. पण माझ्याशी बोलताना ती मुद्दाम गावची बोली काढायची, आठवून आठवून. मला दादा म्हणायची. मी तिला सिस्टरच म्हणत राहिलो.

माझ्यामुळेच फायरमनची आणि तिची ओळख झाली, आणि वर्षाच्या आत त्यांचं ठरलं. त्यांच्यात लग्नाआधी तीन रविवार देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दोघांची नावं वाचून दाखवतात. कुणाची हरकत असेल तर त्यानं सांगावी. पहिल्या रविवारी नावं वाचली गेली त्या संध्याकाळी दोघं माझ्याकडे आली. दोस्त म्हणाला, "इचार की आता. तुझा गाववालाच हाय, खातो का काय तुला?"

ती म्हणाली, "दादा, आमच्यात नवरीचा बाप तिला हाताला धरून पुढं नेतो. पाळकसाहेब इचारत्यात, हिला कोन देतो? मग त्यानं म्हनायचं, मी देतो. बाप नसला तर भाऊ. आश्रमातल्या मोठ्या बाई यायला तयार हायेत. त्यांचे उपकार लई हायेत माझ्यावर. पर मला वाटतं, एकदा तरी माझ्या गावचं मानूस माझ्या बाजूला उभं असावं."

मी लगेच हो म्हणालो. मनापासून म्हणालो, हेही लिहून ठेवतो.

"आन् हळदीच्या दिवशी कानपिळी पन तुम्हीच करायची," ती म्हणाली. नवऱ्याचा कान पिळायचा मान आपल्याकडं नवरीच्या भावाचा. तो त्यांच्यातही राहिला होता.

"कान काय पिळतोय," दोस्त म्हणाला. "आधी त्याला म्हनावं बोट सरळ कर."

पुढचा आठवडा त्यानं माझी तालीम घेतली. यार्डात दोन मालगाड्यांच्या मधली वाट म्हणजे देऊळ. सांधेवाल्याच्या डोक्यावर त्याचाच पंचा टाकून त्याला नवरी केलं होतं. "हळू चाल, गाडी चुकत न्हाई," दोस्त ओरडायचा. मग पाळकासारखा आवाज काढून, "हिला कोन देतो?" मी म्हणायचो, "मी देतो." सांधेवाला म्हणायचा, "मिशा हायेत म्हून सांगा आधी, मागनं तक्रार नको." शेवटी वहीत साक्षीदार म्हणून सही करायची होती. नाव आणि गाव.

हळदीच्या आधी मी दोन दिवस घरी गेलो. इथं मी पहिली चूक केली, आणि ती आनंदात केली. आईला सांगितलं, "अगं, ती पोर जिवंत हाय. नर्स झालीय. तिचं लगीन हाय आन् मी तिला देणार हाय." आई पदरानं डोळे पुसत राहिली. पण दुसऱ्या दिवसापर्यंत ते सगळ्या आळीला कळलं होतं.

माझंही लग्न तेव्हा ठरत आलं होतं. चांगलं घर, पाण्याखालची जमीन. आणि ती सोयरीक आणली होती सिस्टरच्या थोरल्या चुलत्यांनी. ज्यांनी त्या मायलेकींना घालवलं, त्यांनीच.

आमचे आबा, म्हणजे वडील, दौंडला आले. कधी न येणारे. खोलीत बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तू तिथं हुभा ऱ्हानार म्हनं."

"व्हय आबा. आपल्या गावची लेक हाय."

"गावानं ती मेली म्हून धरलंय. तू सांगनार, न्हाई, हाय. मग घालवली कुनी, आन् का घालवली, ते निघनार. तिचे चुलते मागं सरतील. सोयरीक त्यांच्या हातात हाय." मग म्हणाले, "आन् सही करायची म्हनं देवळाच्या वहीत. तसल्या वहीत सही केली की मानूस त्यांच्यातला हुतो, असं सगळी बोलत्यात. पोरगी कोन देईल मग?"

वहीत सही केल्यानं कुणी ख्रिस्ती होत नाही, हे मला माहीत होतं. मी मॅट्रिक होतो. माझा जन्म वहीत लिहिण्यात चालला होता. आबांना दोन शब्दांत समजावता आलं असतं. पण ते वाक्य ऐकताना मला आतून बरं वाटलं. हाताशी एक कारण आलं होतं. मी म्हणालो, "बघतो." आबा समाधानानं परत गेले.

नाही म्हणायला माझ्याकडे नऊ दिवस होते. मी नाही म्हणालो नाही. हळदीला गेलो नाही, पोट बिघडल्याचं सांगितलं. लग्न शनिवारी चार वाजता होतं. त्या दिवसाची माझी रजा मंजूर होती. शुक्रवारी ऑफिसात जाऊन मी ती रद्द करून घेतली आणि कामावर गेलो.

त्या दुपारी यार्डात काम असं नव्हतंच. एक मालगाडी इंजिनाची वाट बघत उभी होती. तिचे नंबर मी उतरवले, आणि मग दुसऱ्या टोकाकडून पुन्हा उतरवायला लागलो. देवळाची घंटा झाली. चार वाजून गेल्यावर मी सांधेवाल्याला निरोप देऊन पाठवलं, की माझ्या जागी येणारा रिलीव्हर आलेला नाही, मला सुटता येत नाही, तुम्ही उरकून घ्या.

तो अर्ध्या तासानं धापा टाकत परत आला.

"पोरगी दारात हुभी हाय, सायेब. आत जाईना. तुमचा निरोप सांगितला तर म्हनती, अर्धा तास थांबू, दादा सुटतील तवा येतील."

मी वहीत बघत राहिलो.

"जाता का? मी बघतो हितलं. हाय काय हितं? डबं काय पळून चाललेत व्हय?"

मी म्हणालो, "ड्युटी आहे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. रजेचं त्याला माहीत होतं. ज्याच्या डोक्यावर पंचा टाकून आम्ही नवरी केलं होतं, तोच तो. मग पाठ फिरवून तो सांध्याकडं गेला. नंतर कित्येक दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला.

पुढचं मला ऐकूनच माहीत आहे. आश्रमातल्या मोठ्या बाईंना ताप होता, त्या आल्या नव्हत्या. सव्वापाचपर्यंत ती दारात उभी होती, पांढरं लुगडं आणि डोक्यावर जाळीचा पदर. आत लोक वळून वळून बघत होते. पंजाबी गार्डाची साडेसहाची गाडी होती, म्हणून तो युनिफॉर्मातच आला होता. तो बाकावरून उठला, दाराशी गेला आणि तिच्यापुढं कोपर धरलं. पाळकांनी मराठीत विचारलं आणि तो म्हणाला, "मैं देता हूँ जी." वहीत साक्षीदार म्हणून त्याची सही आहे. गाव म्हणून त्यानं सीमेपलीकडचं, आता त्याचं न राहिलेलं गाव लिहिलं, असं म्हणतात.

सोमवारी दोस्त यार्डात आला.

"रिलीव्हर आला न्हवता म्हनं."

"हो ना."

"तिनं काय मनावर घेतलं न्हाई. नोकरी म्हंजी नोकरी." त्यानं लाडवांची पुडी माझ्या हातात दिली. ड्युटीचा आणि रजांचा तक्ता ऑफिसच्या बाहेर टांगलेला असे, आणि तो चांगला वाचणारा होता.

तिनं मात्र खरंच मनावर घेतलं नव्हतं. म्हणूनच ती माझ्या लग्नाला आली.

माझं लग्न वैशाखात, आमच्याच गावी झालं. दोघं एसटीनं शिरूरला आणि तिथून बैलगाडीनं आली. भावजयीसाठी तिनं खण आणला होता. आल्या आल्या ती पायविहिरीवर जाऊन आली. तिचे पाय ओले होते. मी मुंडावळ्या बांधून ओट्यावर बसलो होतो आणि शेजारी तिचे थोरले चुलते. ती समोर येऊन उभी राहिली. चेहरा तिच्या आईचा, अगदी तोच. चुलत्यांना तो ओळखू आला नसेल असं मला वाटत नाही.

त्यांनी मलाच विचारलं, "ह्या कोन?"

ती माझ्याकडं बघत होती. मी सांगावं म्हणून बघत होती. एवढ्याचसाठी ती आली होती, हे मला त्या क्षणी कळलं. तिला जमिनीतला वाटा नको होता, भांडण नको होतं. गावात एकदा कुणी तरी म्हणावं, की ही अमक्याची लेक.

मी म्हणालो, "दौंडच्या दवाखान्यातल्या सिस्टर आहेत. ओळखीच्या."

चुलत्यांनी मान हलवली. "या, बसा," म्हणाले. मग कुणाला तरी हाक मारून, "पावन्यांची पानं तिकडं, गोठ्याच्या बाजूला मांडा," असं सांगितलं. तेही मी ऐकलं.

तिनं खण माझ्या आईच्या हातात दिला. आईनं तिचा हात घट्ट धरला. तिच्यात तेवढी तरी हिंमत होती. दोस्त पुढं आला आणि मोठ्यानं म्हणाला, "चला सिस्टर, दोनची गाडी हाय आपली. लग्नाचं जेवन काय पळून जात न्हाई." दोनला शिरूरहून कुठलीच गाडी नव्हती. ते दोघं उन्हातून चालत गेले. थोड्या वेळानं माझ्यासमोर अंतरपाट धरला गेला, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली.

वर्षभरात त्यांची सोलापूरला बदली झाली. मी निरोप द्यायला स्टेशनवर गेलो नाही.

बायकोला मी हे कधी सांगितलं नाही. तिचं लग्न कशाच्या बदल्यात झालं, ते तिला कळून काय झालं असतं? ती चांगली होती. तिला जाऊन आता चार वर्षं झाली.

रिटायर झाल्यावर एकदा दौंड स्टेशनवर दवाखान्यातल्या एक जुन्या बाई भेटल्या. त्यांच्याकडून कळलं, दोस्त गेला, आणि ती केडगावला परत येऊन राहिली आहे, लहान मुलींना शिवण शिकवते. केडगाव म्हणजे तिथून किती लांब! तरी जायला मला दोन वर्षं लागली. तिकीट काढलं, उतरलो, फाटकापर्यंत चालत गेलो. तिथल्या माणसानं आदरानं विचारलं, "कोणाला भेटायचंय, आजोबा?"

मी तिचं नाव सांगितलं.

"तुम्ही कोण लागता त्यांचे?"

तो साधाच प्रश्न होता, रजिस्टरमध्ये भरण्यासाठी विचारलेला. त्यानं पेन उघडून धरलं होतं. मी म्हणालो, "पुन्हा येईन," आणि परतीच्या गाडीनं आलो. पुन्हा गेलो नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती वारल्याचं कळलं.

फाटकातून आत गेलो असतो तर काय बोलणार होतो, ते गाडीत जुळवून ठेवलं होतं. ते असं होतं.

रिलीव्हर आला नाही हे मी खोटं सांगितलं होतं. मुळात त्याची गरजच नव्हती, माझी रजा होती, ती मी रद्द केली. तू दारात उभी आहेस हे मला सांगितलं होतं, आणि तरीही मी आलो नाही. आबांनी अडवलं नाही, चुलत्यांनीही नाही. मला चांगलं घर हवं होतं, म्हणून आलो नाही. आणि ओट्यावर तू कोण हे मला ठाऊक होतं, ते मी सांगितलं नाही. माझं चुकलं. तू क्षमा करावीस असं मी म्हणत नाही. तुला खरं माहीत असावं, एवढंच.